ख्रिसमस कॅक्टस हिरवागार आहे, पण फुलत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून कळ्यांनी लगडलेला ख्रिसमस कॅक्टस आणला, तो त्या डिसेंबरात फुलला, नंतर आजतागायत एक कळी नाही. कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी, पाणी पंधरा दिवसांनी, घर ठाण्यात. आता खत वाढवावं का?

खत वाढवू नका. ऑगस्ट संपत आलाय, उलट आता बंदच करा. झाड उपाशी नाहीये, जागरणाने वैतागलंय.

शेवंतीसारखंच हे झाड रात्र मोठी झाली की कळ्या धरतं. पॉलिहाउसमध्ये शेवंती करणारे फूल लांबवायचं असेल तेव्हा मुद्दाम रात्री दिवे लावतात. तुमच्या हॉलमध्ये साडेअकरापर्यंत टीव्ही आणि ट्यूब चालू असेल, तर तुम्हीही तेच करताय. सलग तेरा-चौदा तास अंधार, रोज, सुमारे सहा आठवडे, एवढी त्याची मागणी. मधेच कोणी पाणी प्यायला उठून दिवा लावला तरी रात्रीचे दोन तुकडे होतात. एखाद्या दिवसाने बिघडत नाही, पण रोजचं झालं तर कळ्या विसरा.

मी सोपं करते: संध्याकाळी सहाला कुंडीवर रिकामा खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. दिवसा मात्र खिडकीतला भरपूर उजेड हवा, नाहीतर खोक्याचा उपयोग नाही. घरात न वापरली जाणारी खोली असेल तर खोकाही नको, फक्त सोसायटीच्या आवारातला दिवा खिडकीतून आत येत नाही ना, ते बघा. माझी पहिली दोन वर्षं त्या दिव्यानेच खाल्ली.

दुसरी गोष्ट रात्रीचा गारवा, आणि इथे ठाण्याची अडचण आहे. पंधरा ते वीस अंशांच्या रात्री याला सगळ्यात मानवतात. रात्र पंचविसाला अडली की अंधार देऊनही कळ्या नीट धरत नाहीत. मी पुण्यात ऑक्टोबरच्या मध्याला खोका घालते आणि नाताळच्या आसपास फुलं बघते. माझ्याच झाडाची फांदी नणंदेने डोंबिवलीला नेली. तिने माझं बघून ऑक्टोबरात खोका घातला आणि हात चोळत बसली. पुढच्या वर्षी नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर घातला, तेव्हा जानेवारीअखेर फुललं. तुम्हीही तिचंच वेळापत्रक धरा. नाताळ हुकेल, त्याला इलाज नाही.

तसं पाहिलं तर नाताळशी या झाडाचा मुळात काही संबंध नाही. ते ब्राझीलचं, रिओ द जानेरोजवळच्या समुद्रालगतच्या डोंगररांगांतलं. तिथे त्याला 'मे महिन्याचं फूल' म्हणतात, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला रात्र दिवसापेक्षा मोठी होते ती मार्चच्या अखेरीपासून. शिवाय नर्सरीत या नावाने मिळणाऱ्या बहुतेक झाडांच्या पेरांना, म्हणजे खोडाच्या चपट्या तुकड्यांना, कडेने टोकदार दाते असतात. ती वेगळी जात. इंग्लंडात १८४०च्या दशकात केलेला जुना संकर, खरा 'ख्रिसमस', त्याच्या पेरांच्या कडा गोलसर. निगा दोन्हींची सारखीच, त्यामुळे तुमचं कुठलं याने डोकं शिणवू नका.

कॅक्टस या शब्दाने मात्र घात होतो. हे वाळवंटातलं झाड नव्हे. आपल्या आमरीसारखं, म्हणजे ऑर्किडसारखं, ते दमट रानात झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या फटींत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तोही असाच झाडावरचा निवडुंग. दोघांचीही 'पानं' म्हणजे चपटं खोड. तेव्हा पंधरा दिवसांचा नियम सोडा. मातीत बोटाचं एक पेर खुपसून बघा, कोरडं लागलं की कुंडीच्या भोकातून निथळेल इतकं पाणी द्या आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका. पेरं सुरकुतली, लुळी पडली तर बहुधा तहान; पण माती ओली असूनही लुळी असतील तर मुळं कुजलीत. पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका. मिश्रण मी कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि विटेचे बारीक तुकडे असं करते, गांडूळखत मूठभर. कुंडी लहानच बरी. दुपारचं ऊन लागलं की पेरं लालसर होतात, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन तेवढं द्या.

आता कळ्या. टोकाच्या पेराच्या शेवटी आधी मोहरीएवढा लालसर ठिपका दिसतो. तो चपटा होत गेला तर नवं पेर, गोल राहून टोकदार फुगला तर कळी. कळी ओळखू आली की खोका बंद, आणि त्यानंतर कुंडी हलवायची नाही. एका वर्षी पाहुण्यांना दाखवायच्या हौसेने मी कुंडी हॉलमध्ये आणली, वर पंखा. चार दिवस रोज केर काढताना सुपलीत गुलाबी कळ्या यायच्या. एकवीस मोजल्या, मग मोजणं सोडलं. जागा बदलणं, वाऱ्याचा झोत, माती पार वाळणं किंवा चिखल होणं, यातलं काहीही त्यांना गळायला पुरतं.

फूल फांदीच्या टोकालाच येतं, म्हणून टोकं जास्त तर फुलं जास्त. बहर संपला की पंधरा-वीस दिवस पाणी जरा कमी ठेवा, मग लांब फांद्यांची दोन-तीन पेरं सांध्यावर पिळून काढा. कात्री नको, सांधा आपसूक सुटतो. पुढच्या मोसमात तिथून दोन फांद्या फुटतात. काढलेली पेरं दोन दिवस सावलीत सुकवून जेमतेम ओलसर मिश्रणात खोचली की महिनाभरात मुळं धरतात. सांध्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून घासून काढा, आठवड्याने परत बघा.

तुमच्या हातात अजून अडीच महिने आहेत. तोवर कुंडी टीव्हीशेजारून उचलून पूर्वेच्या खिडकीत न्या, म्हणजे कळ्या येतील तेव्हा हलवायची वेळ येणार नाही.