फिग्मा येतं, यूआय डिझायनर व्हायला अजून काय शिकू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, जळगावातच राहता, फिग्मा या स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय आणि आता पुढे काय शिकायचं ते कळत नाही. मी भुसावळला राहून यूआय डिझायनरचंच काम करतो, म्हणजे अ‍ॅपचे स्क्रीन कसे दिसतील, बटणं कुठे असतील ते ठरवतो. माझं ऐकाल तर आधी माणूस फोन कसा वापरतो ते बघायला शिका.

केळीच्या वजनाची नोंद ठेवायचं एक अ‍ॅप मी केलं होतं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, ऑफिसात झकास दिसायचं. मे महिन्यात रावेरकडे एका बागेत घेऊन गेलो. काट्यावर घड तोलणं चालू होतं. काकांनी एका हाताने स्क्रीनवर सावली धरली आणि विचारलं, "भाऊ, इथं काय लिहिलंय?" बोटाला केळीचा चीक. 'जतन करा' दाबायला गेले आणि शेजारचं 'रद्द करा' दाबलं गेलं. नोंद गेली. काका काही बोलले नाहीत, खिशातून वही काढली आणि पेनाने लिहायला लागले. ती वही अजून डोळ्यांसमोर आहे.

अक्षर आणि पार्श्वभूमीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो, हे मला आधीही माहीत होतं. ते कशासाठी, हे त्या उन्हात कळलं. बटणाचंही तसंच: अँड्रॉइडवर दाबायची जागा किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापाची एककं), आणि पुसणारं बटण जतन करणाऱ्याला खेटून नको.

दुसरं म्हणजे देवनागरी. हे कोर्समध्ये क्वचितच शिकवतात. इंग्रजी मजकुरावर ओळीची उंची ठरवली की मराठीत वेलांट्या-अनुस्वार वरच्या ओळीला भिडतात, खालचे उकार कापले जातात. मी प्रत्येक फॉन्ट 'राष्ट्रांतर्गत' हा शब्द टाकून तपासतो. जोडाक्षर, रफार, अनुस्वार सगळं त्यात आहे. शिवाय 'सेव्ह'च्या मापाच्या बटणात 'माहिती जतन करा' मावत नाही. म्हणून डिझाईन पहिल्यापासून खऱ्या मराठी मजकुरावरच करा.

वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल-सीएसएस थोडं शिका, डेव्हलपरशी बोलणं सोपं जातं. नेट गेल्यावर, यादी रिकामी असताना, चूक झाल्यावर काय दिसेल, तेही स्क्रीन काढा. नवीन मुलं नेमके तेच विसरतात.

आणि पोर्टफोलिओसाठी, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या कामाच्या नमुन्यांसाठी, मोठ्या अ‍ॅपची नक्कल करू नका. ओळखीच्या किराणा दुकानाची उधारीची वही घ्या, तिचं अ‍ॅप काढा, पाच जणांच्या हातात द्या. ते अडले तरी मध्ये बोलू नका, फक्त कुठे अडले ते लिहून घ्या. मग बदल करा आणि आधीचे-नंतरचे स्क्रीन शेजारी शेजारी ठेवा. मुलाखतीत मी तरी सगळ्यात आधी तेच बघतो.