झटका मशीन महागाचं घ्यावं की तार?

भाऊ, तुमचं वावर तीन एकर, जंगलाला लागून, कपाशीत तूर. मागच्या हंगामात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी तीनेक क्विंटल तूर खाल्ली. हाताशी ४०,००० रुपये आहेत. दुकानदार म्हणतो २६,०००चं सोलर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र घ्या, १४,०००त तार-खांब भागवा. धाकटा म्हणतो बंदूक घेऊ. आणि तुम्ही विचारता, कमी पडलं तर सोनं गहाण ठेवू का?

बंदुकीचं लगेच मिटवू. परवाना मिळाला तरी ही जनावरं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. वनखात्याची परवानगी नसताना गोळी घातली तर गुन्हा. पैसा अडकेल आणि रात्रीची जागलही सुटणार नाही.

दुकानदाराची वाटणी मात्र मी उलटी करीन. तो व्होल्ट सांगतो, तुम्ही ज्यूल विचारा, म्हणजे एका झटक्यात किती ऊर्जा आहे ते. मोकळ्या तारेवर दहा हजार व्होल्ट कोणतंही मशीन दाखवतं, गवत टेकून झटका जमिनीत गळायला लागला की खरं कळतं. वावर साधारण चौकोनी धरलं तर वेढा ४४० मीटर, त्याला दोन ज्यूलचं मशीन पुरतं. पॅनल-बॅटरीसह १४,०००च्या वर जाऊ नका.

तारेत कंजुषी नको. डुकराच्या अंगावर राठ केस असतात, पाठीला तार घासली तर त्याला काही वाटत नाही. झटका थुतरीलाच, म्हणजे नाका-तोंडालाच बसला पाहिजे. म्हणून खालची तार जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर, वरची रोह्यासाठी पाच फुटांवर, मध्ये तीन. पाच पदर म्हणजे २,२०० मीटर. दोन मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार किलोला सुमारे ४० मीटर भरते, म्हणजे ५५ किलो. पंधरा फुटांवर एक खांब धरला तर शंभराच्या आसपास खांब, आणि तार खांबाला टेकू नये म्हणून पाचशे इन्सुलेटर. कोपऱ्यांना लोखंडी अँगल, बाकी बांबू चालतील. यासाठी २०,००० ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग अर्थिंगचा, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या सळयांचा. झटका जमिनीतून परत आला तरच जनावराला बसतो. तूर शेंगेवर येते तोवर पाऊस संपलेला असतो, काळी जमीन भेगाळते, सळईभोवती फट पडते आणि महागाचं मशीनही नुसतं टिकटिकत राहतं. सहा फुटी तीन जीआय सळया, दहा-दहा फुटांवर, विहिरीजवळच्या ओलीत ठोका, २,००० पुरतील. मग मशीनपासून शंभर मीटरवर तार लोखंडी सळईने जमिनीला टेकवा आणि अर्थिंगच्या सळईवर व्होल्ट मोजायचा मीटर लावा. ३०० व्होल्टच्या वर दाखवलं तर चौथी सळई ठोका.

उरलेले ४,००० बँकेत राहू द्या. तीन-चार वर्षांत बॅटरी जाईल, तेव्हा लागतील.

आता हिशेब. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,०००, म्हणजे तुमचं नुकसान २४,०००. त्यातलं निम्मं वाचलं तरी तीन हंगामांत ३६,००० फिटतात. पण हे जमेल ते धुऱ्यावरचं गवत दर पंधरवड्याला कापलं तरच. सोनं गहाण ठेवायचं काही कारण नाही. विजेच्या खांबावरून थेट लाइट तारेत सोडायचा विचारही करू नका. त्यात माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत.

खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन या. तुमचं गाव डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत असेल तर सौर कुंपणाला अनुदान मिळू शकतं. दुकानदाराला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्या.