गाडीचा पिकअप कमी झालाय, ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं तर फरक पडेल का?

नाही पडणार. तुम्ही लिहिलंय १.२ पेट्रोल, साठ हजार किलोमीटर झालेत, कोरड्या हायवेवर ओव्हरटेक करताना गाडी ओढत नाही आणि मित्र म्हणतो ते बटण दाबून ट्रॅक्शन बंद कर, गाडी मोकळी होईल. तुमच्याकडे हे सांगणारा मित्र आहे, आमच्याकडे मेव्हणा आहे, म्हणून एवढं लिहितोय.

२०२३ चे गणपती. आम्ही कोल्हापूरचे, सासुरवाडी राजापूर तालुक्यात पाचलच्या बाजूला, त्यामुळे जायचं अणुस्कुरा घाटानेच. देवळापासून घरापर्यंत जो चढ आहे तो जांभ्या दगडाचा, आणि भाद्रपदात त्यावर असं शेवाळ असतं की चप्पल घालून माणूस उभा राहत नाही. मी फर्स्टमध्ये घातली, अर्ध्यात पुढचं चाक जागेवर फिरलं, डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा (गाडी आणि खाली नागमोडी रेघा) लुकलुकायला लागला आणि माझा पाय पूर्ण खाली असताना इंजिनचा आवाज मात्र बसला. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात ते हेच. एबीएसचे (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग बघत असतात, पुढचं चाक मागच्यापेक्षा भलतंच जोरात फिरताना दिसलं की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो आणि बऱ्याच गाड्यांत त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेकही लावतो, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते, नाहीतर साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर) एक चाक शेवाळावर गेलं की दुसरंही बेकार. इंजिनात दम होता हो, पकड टायरला नव्हती.

तर मेव्हणा पडवीतून खाली आला. "भावोजी, उतरा. ता बटण तुमच्या गाडीचो गळो दाबता." बसला, बटण दाबून धरलं, फर्स्ट टाकला, आणि पाचेक मिनिटं हाफ क्लचवर गाडी तशीच चढावर टांगून ठेवली, इंजिन किंचाळतंय, चाकं शेवाळ सोलतायत, चिखल थेट सासऱ्यांच्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर. आणि तो जळक्या क्लचचा वास! ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. गाडी चढली, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला ही गोष्ट सांगितली जाते, भावोजींची गाडी चढेना, मी बटण दाबलं.

गौरी-गणपती करून परत निघालो. चार माणसं, बॅगा, नारळ. अणुस्कुऱ्याच्या चढाला थर्डमध्ये आरपीएम चार हजारला आणि स्पीड तीसच्या वर जाईना. मागून एसटीने हॉर्न दिला आणि चढावर मला ओव्हरटेक करून गेली, एसटीने! बायको म्हणाली, दादा म्हणाला होता ना, ते बटण दाबा. दाबलं. काहीही झालं नाही, आणि होणार कसं, दिवा लुकलुकतच नव्हता. जो माणूस झोपलाय त्याला घराबाहेर काढून घरातलं भांडण मिटतं का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. पिकअप मेल्यासारखा वाटतो त्या क्षणी दिवा लुकलुकत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल काहीच करत नाहीये. कोरड्या रस्त्यावर थर्ड-फोर्थला १.२ च्या इंजिनाने चाकं जागेवर फिरतच नाहीत, ते कापणार काय?

उद्यमनगरातल्या मेकॅनिकने दोनशे मीटर चालवली आणि म्हणाला क्लच प्लेट गेली. तुम्हीही बघा, रिकाम्या सपाट रस्त्यावर चौथ्यात चाळीस-पन्नासला जा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम वर आणि स्पीड तिथंच, तर क्लच घसरतोय. दोन्ही सोबतच पण रडत रडत वाढत असतील तर एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीतला कार्बन बघा, नाहीतर एखादा ब्रेक धरून राहिलाय का ते (गाडी थांबवल्यावर एकच चाक तापलेलं लागतं). क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून मला अकरा हजार आठशे लागले. जुनी प्लेट जळून काचेसारखी झालेली. मेकॅनिकने विचारलं, चढाला टांगून ठेवली होती काय कुणी? मी काय बोलणार, बायको शेजारी उभी.

आता खरं तेही सांगतो. नुसत्या त्या पाच मिनिटांनीच क्लच गेला असं म्हणता येणार नाही, माझ्या गाडीचे पंचावन्न हजार झाले होते आणि कोल्हापूरच्या सिग्नलांनी तो आधीच खाल्ला असणार. आणि चिखलात किंवा गुहागरच्या वाळूत रुतलात तर ट्रॅक्शन बंद करणं बरोबरच आहे, तिथं चाक थोडं फिरू द्यावंच लागतं, गाडीच्या पुस्तकातही तसं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या चढावर बटणाच्या बाबतीत तो चुकला असं मला म्हणता येत नाही. हाफ क्लचच्या बाबतीत मात्र शंभर टक्के चुकला. बाहेर पडल्यावर परत चालू करा, बहुतेक गाड्यांत इंजिन बंद-चालू केलं की ते आपोआप येतंच. तो दिवा लुकलुकत नसून कायमच पेटलेला असेल आणि तुम्ही बटण दाबलेलं नसेल, सोबत एबीएसचाही दिवा असेल तर ते वेगळं प्रकरण, बहुतेकदा चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर, ते आधी दाखवा.

पुढच्या गणपतीला मी ती जळकी प्लेट पिशवीत घालून पाचलला घेऊन गेलो. ओटीवर सगळ्यांसमोर काढली. मेव्हण्याने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, ही कोल्हापुरात जाळलात तुम्ही. सध्या ती त्यांच्या मागच्या दारी पाण्याच्या पिंपावर आहे, झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून.