वापरलेल्या अणुइंधनाची क्रिटिकॅलिटी-गणना: परदेशी येण्यापूर्वीची तयारी

जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या गणनेचा अनुभव आपल्याकडे आहे आणि आता परदेशात वापरलेल्या इंधनाच्या क्रिटिकॅलिटी-सुरक्षेचे, म्हणजे त्यात विखंडनाची साखळी स्वतःहून चालू राहणार नाही याची खात्री करण्याचे, काम करायचे आहे, तर एमसीएनपी आधी शिकावे की स्केल (दोन्ही अशा गणनेचे संगणक-संच), असे आपण विचारले आहे. माझ्या मते, आलेल्या उत्तरावर विश्वास का ठेवावा हे दाखवायला आधी शिकावे. संगणक-संच त्यानंतर कोणताही आत्मसात करता येतो.

जड पाण्याच्या भट्ट्यांतले नैसर्गिक युरेनियमचे इंधन साध्या पाण्यात कसेही रचले तरी क्रिटिकल होत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्यासमोर फारसा आला नसेल. हलक्या पाण्याच्या भट्टीतले इंधन मात्र समृद्ध (युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले) असते आणि बाहेर काढल्यावरही त्यात युरेनियम-२३५ व प्लुटोनियम शिल्लक राहते. साठवणुकीत सर्व अनिश्चितता धरूनही के-इफेक्टिव्ह (न्यूट्रॉनांची संख्या एका पिढीतून पुढच्या पिढीत किती पट होते ते; १ म्हणजे क्रिटिकल) ०.९५ च्या वर जाऊ नये, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. सगळे इंधन ताजेच आहे असे मानले तर गणना सोपी होते, पण साठवण-कुंडातली आणि इंधन ठेवण्याच्या पिंपातली जागा वाया जाते. म्हणून बर्नअप क्रेडिट घेतले जाते, म्हणजे इंधन जितके जळले (बर्नअप) त्यामुळे घटलेली क्रियाशीलता गणनेत धरली जाते, आणि खरी कसोटी तिथे लागते.

साडेतीन मीटरहून लांब असलेल्या असेंब्लीची (इंधन-कांड्यांच्या जुडीची) दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा कमी जळलेली असतात. बर्नअप जास्त असताना सर्वत्र सरासरी बर्नअप धरले, तर के-इफेक्टिव्ह प्रत्यक्षापेक्षा कमी येते, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला होते. शिवाय माँटे कार्लो गणनेत (यादृच्छिक निवडीने एकेका न्यूट्रॉनचा माग काढणाऱ्या) सुरुवातीचे न्यूट्रॉन मध्यभागी सोडले, तर विखंडनाचे केंद्र टोकांकडे सरकायला अनेक पिढ्या लागतात. तोवर के-इफेक्टिव्हचा आलेख स्थिर दिसतो, आणि दिसणारा आकडा खोटा असतो. म्हणून शॅनन एन्ट्रॉपीचा (विखंडनांचे वितरण स्थिरावले का हे दाखवणाऱ्या मापाचा) आलेख पाहिल्याशिवाय कोणताही आकडा अहवालात घालू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

त्यानंतर प्रयोगांशी पडताळणी येते. आंतरराष्ट्रीय क्रिटिकॅलिटी बेंचमार्क संग्रहातले प्रयोग आपल्या मांडणीशी किती जुळतात, त्यावरून गणनेचा कल, म्हणजे उत्तर प्रयोगापेक्षा सातत्याने किती वर वा खाली येते ते, ठरवावा लागतो. ताज्या इंधनाचे प्रयोग मुबलक आहेत, विखंडन-उत्पादितांचे मोजकेच; त्यामुळे समेरियम-१४९ किंवा गॅडोलिनियम-१५५ यांच्या न्यूट्रॉन-शोषणाचे श्रेय किती घ्यावे, याचे समर्थन लेखी करता आले पाहिजे. नियामकाचे पहिले प्रश्न बहुधा याच जागी येतात.

संचांविषयी एक व्यवहाराची गोष्ट. एमसीएनपी आणि स्केल हे अमेरिकी संच निर्यात-नियंत्रणाखाली येतात, त्यामुळे एका नोकरीतला परवाना दुसरीकडे चालेल असे गृहीत धरू नये. सरावासाठी सर्वांना खुला असलेला ओपनएमसी हा संच पुरेसा आहे: त्यात एका पिंपाचे प्रारूप करून सरासरी आणि प्रत्यक्ष बर्नअप-वितरण यांची उत्तरे शेजारी मांडावीत, फरकाची कारणे दोन पानांत लिहावीत आणि ते अर्जासोबत जोडावे. नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी मात्र, आपल्या नागरिकत्वाच्या व्यक्तीला संस्थेतले संच वापरण्याची परवानगी कोण मिळवून देणार आणि ती येईपर्यंत आपल्याकडे कोणते काम राहील, हे लेखी विचारून घ्यावे.