परागीभवन? कशाचा पराग झाला?

प्रश्न असा आहे: "पॉलिहाऊसमध्ये अडेनियमची झाडं आहेत. ब्रशने परागीभवन करतो, पण शेंग धरत नाही. मग परागीभवन झालं म्हणायचं की नाही? परागीकरण, परागण, फलन यांत फरक काय?"

फलन म्हणजे पुढची पायरी, परागातल्या नरपेशीचा बीजांडाशी संयोग; ते सोडा. ब्रशने 'मकरंद' इकडून तिकडे नेतो म्हणणारे हल्ली फार झालेत. तुम्ही त्यांतले नाही, हे नशीब. अमरकोशाने एका ओळीत निकाल लावलाय: 'मकरन्दः पुष्परसः परागः सुमनोरजः'. मकरंद हा रस, पराग ही धूळ. ब्रशला चिकटते ती धूळ.

खरी मेख 'परागीभवन'मधल्या दीर्घ ईकारात आहे. हा संस्कृतातला च्वि प्रत्यय. जे नव्हतं ते झालं, एवढंच तो सांगतो. पाण्याची वाफ झाली की बाष्पीभवन, लाकडाची राख झाली की ते भस्मीभूत. मग परागीभवनात पराग कशाचा झाला? फुलाचा? ब्रशचा? 'परागीकरण' तर त्याहून भारी: तुम्ही सगळी अडेनियमं खलबत्त्यात घालून त्यांची पूड केलीत! पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे घोकून घेतलं आणि कुणाला काही खटकलं नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक यावर 'विद्युतीकरण' पुढे करतात. विद्युतीकरणात गावाची वीज होत नाही, तरी शब्द चालतोच ना? चालतो. खोटं नाणंही चालतं, सर. एका चुकीने दुसरी धुऊन निघत नाही.

'परागण' हिंदीत रुळलेला शब्द. त्यातला ण संस्कृतच्या नियमात बसतो (आधी र असल्याने 'न'चा 'ण'), पण असं नाम क्रियापदापासून होतं, आणि 'परागणे' असं क्रियापद कुठे ऐकलंय?

मी 'परागसिंचन' म्हणतो. कोरड्या धुळीचं कसलं सिंचन, असं विचाराल. विचाराच, मी वाटच बघतोय. सिंचनातला 'सिच्' धातू नुसत्या पाण्याचा नाही. त्याला 'नि' लागला की होतो 'निषेक', म्हणजे गर्भाधान. हिंदीवाले फलनाला 'निषेचन' म्हणतात ते इथूनच. म्हणजे सिंचनात शेतही आहे आणि बीजही. माझा तर्क असा की हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात निषेक घुमत असणार. पुरावा मागू नका.

हां, तुमची शेंग. शब्दाने सांगायचं तर सिंचन झालं असेलही, फलन नाही. अडेनियम बहुधा स्वतःचा पराग स्वीकारत नाही, आणि एकाच झाडाची कलमं असतील तर ती सगळी मिळून एकच झाड. वेगळ्या झाडाचा पराग आणा. तो फुलाच्या नळीत, पुंकेसरांच्या सुळक्याच्या आत दडलेला असतो, त्यामुळे वरवर ब्रश फिरवून भागत नाही. पाकळ्यांची नळी बाजूने चिरा आणि बारीक केसाचा ब्रश सुळक्याच्या बुडाकडच्या फटीतून आत घाला. साधली तर बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग येईल. तिला दोरा गुंडाळून ठेवा. तडकली की दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेलं बी पार शेजारच्या कुंड्यांत जाऊन पडतं.