80/20 लावून हार्डवेअर दुकानातला माल कमी करावा का?

2,500 आयटम आहेत, 80/20 (म्हणजे साधारण 20 टक्के आयटमच 80 टक्के धंदा देतात हा नियम) लावून 500 वर आणायचेत म्हणता. आणू नका, गिऱ्हाईक घालवून बसाल.

आयटमवार यादी मात्र जरूर काढा. 12 महिन्यांची घ्या. तीनच महिने धरले तर ताडपत्री एकतर पहिल्या पानावर येईल, नाहीतर दिसणारच नाही. आणि ती विक्रीवर नाही, नफ्यावर लावा. बहुतेक जण इथेच फसतात. समजा, सिमेंटची विक्री 1 लाख, मार्जिन 3 टक्के, म्हणजे 3,000. सीपीव्हीसी फिटिंगची 20,000, मार्जिन 25 टक्के, म्हणजे 5,000. विक्रीच्या यादीत सिमेंट वर आणि फिटिंग कुठेतरी खाली! मोठ्या नफ्यापासून बेरीज करत या. एकूण नफ्याच्या 75-80 टक्क्यांपर्यंत जे बसतील ते 'अ'. ते बरोबर 20 टक्केच निघतील असं नाही.

'अ'चा माल दर आठवड्याला मोजायचा. पाऊण इंची पाइप रोज 6 जातात, माल यायला 4 दिवस लागतात, तर 24, वर दोन दिवसांचे जादा 12. रॅकवर 36 उरले की ऑर्डर.

आता टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, वॉशर. नफ्यात नगण्य. पण प्लंबर 14 आयटमची चिठ्ठी घेऊन येतो, त्यात क्लॅम्प नसला की पाइपसकट अख्खी चिठ्ठी पुढच्या दुकानात जाते. 'खालचे 80 टक्के काढून टाका' सांगणारे सल्लागार काउंटरवर कधी उभेच राहिलेले नसतात. हा नियम कारखान्यांत रुजवणाऱ्या गुणवत्तातज्ज्ञ ज्युराननेही आधी उरलेल्यांना क्षुल्लक म्हटलं होतं, पुढे स्वतःच बदलून उपयुक्त केलं. या मालाची मोजदाद करत बसू नका. दोन पाकिटं ठेवा. दुसरं फोडलं की ऑर्डर, तीन महिन्यांचा माल एकदम.

काढायचाच तर 12 महिन्यांत न हललेला आणि कुणाच्या चिठ्ठीतही न येणारा माल काढा, खरेदीभावात गेला तरी चालेल. 'नाही' म्हणून परत पाठवलेला आयटम कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही, त्यासाठी काउंटरवर वही ठेवा.

हे सगळं रोखीच्या धंद्याचं झालं. 'अ'मधला निम्मा माल 90 दिवसांच्या उधारीवर जात असेल तर आधी गिऱ्हाइकांची अशीच यादी काढा.