वाचकांचे प्रश्न : गिटमधील बदलांचा इतिहास पाहण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

(उत्तरांतील सर्व कमांड आणि पर्याय येथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे छापले आहेत, संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावे लागतात.)

प्रश्न : राजारामपुरीत आमचे सहा जणांचे छोटे सॉफ्टवेअर कार्यालय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांसाठी आम्ही उत्पादनाच्या नोंदी आणि बिलिंग यांचे सॉफ्टवेअर तयार करतो. सगळा कोड गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे. चौघे विंडोजवर आणि दोघे लिनक्सवर काम करतात, आणि जुने बदल पाहण्यासाठी प्रत्येकाचे साधन निराळे आहे. मध्यंतरी ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन बिलाच्या) मर्यादेची एक अट कोडमधून नाहीशी झाली. ती कधी आणि कशी गेली, हे संबंधित फाइलचा इतिहास उघडून पाहिला तरी कोणालाच सापडले नाही. सर्वांसाठी एकच चांगले साधन सुचवावे. पैसे मोजावे लागले तरी चालतील, पण मालकांना त्याचे कारण पटवून द्यावे लागेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ई-वे बिलाची आपली हकीकत ही साधन पारखण्याची उत्तम कसोटी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल पाठवताना ई-वे बिलाची मर्यादा १,००,००० रुपये आहे आणि राज्याबाहेर पाठवताना ती ५०,००० रुपये आहे. साहजिकच कोल्हापूरहून सांगलीला जाणाऱ्या कास्टिंगला एक अट लागते आणि निपाणीला जाणाऱ्या कास्टिंगला दुसरी. म्हणजे आपल्या कोडमध्ये कुठेतरी हे दोन आकडे असायला हवेत, आणि त्यांपैकी एक गेला आहे. ‘हा आकडा कोडमध्ये केव्हा आला आणि केव्हा गेला?’ एवढाच प्रश्न आपल्याला इतिहासाला विचारायचा आहे. रंगीत रेषांचा ग्राफ कितीही देखणा असला, तरी या प्रश्नाचे उत्तर तो आपण होऊन देत नाही.

त्यासाठी ‘गिट लॉग’ या कमांडला उणे चिन्हासह मोठ्या ‘एस’चा पर्याय द्यावा आणि त्याला लागून तो आकडा लिहावा. गिट प्रत्येक कमिटच्या (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचाच्या) आधी आणि नंतर तो आकडा किती वेळा आढळतो हे मोजते, आणि ज्या कमिटमध्ये ही संख्या बदलली तेवढेच कमिट दाखवते. एखादी ओळ त्याच फाइलमध्ये वरची खाली सरकली असेल तर संख्या तीच राहते, त्यामुळे असा कमिट या शोधात येत नाही. तोही हवा असेल तर ‘एस’च्या जागी मोठा ‘जी’ वापरावा.

इतके करूनही अट कोठे गेली ते सापडले नाही, तर संशय मर्जवर, म्हणजे कामाच्या दोन समांतर शाखा (ब्रँच) एकत्र करण्यावर, घ्यावा. ‘गिट लॉग’ मर्ज-कमिटमधील बदल मुळात दाखवतच नाही, आणि म्हणून वरचा शोधही मर्ज ओलांडून पुढे जातो. दोघांनी एकाच ठिकाणी बदल केले, कॉन्फ्लिक्ट आला, घाईत एका बाजूची ओळ ठेवून दुसरी पुसली गेली, की ती ओळ मर्जच्या पोटात नाहीशी होते आणि कोणत्याही साध्या कमिटमध्ये ती पुसल्याची नोंद राहत नाही. शोधाला उणे चिन्हासह लहान ‘एम’ हा पर्याय जोडला की मर्जची तुलना त्याच्या प्रत्येक पूर्वज-कमिटशी केली जाते आणि अशी ओळ हाती लागते. यादी लांबते खरी, पण शोध बारीक असेल तर ती आटोक्यात राहते.

याहून फसवा प्रकार फाइलच्या इतिहासाचा आहे, आणि पत्रावरून पाहता आपल्या बाबतीत बहुधा तोच घडला असावा. एका विशिष्ट फाइलचा इतिहास मागितला, की गिट तो सोपा करून सांगते. मर्जनंतरची फाइल दोन बाजूंपैकी एका बाजूच्या फाइलशी तंतोतंत जुळत असेल, तर गिट फक्त त्याच बाजूने मागे जाते आणि दुसऱ्या ब्रँचकडे वळूनही पाहत नाही, कारण आजची फाइल जशी आहे तशी का आहे, हे सांगायला दुसऱ्या बाजूची गरज नसते. समजा, एकाने आपल्या ब्रँचमध्ये एक लाखाची अट घातली आणि मर्ज करताना दुसऱ्याने ‘आपलीच फाइल ठेवा’ असे सांगितले. मग ती अट घालणारा कमिट रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिटमधील साठ्यात) शाबूत असतो, तरी फाइलच्या इतिहासात तो दिसत नाही. अट घातलीच नव्हती की काय, अशी शंका घालणाऱ्यालाच येऊ लागते. यावर ‘--फुल-हिस्टरी’ हा पर्याय आहे. त्याने दोन्ही बाजू धुंडाळल्या जातात, अट घालणारा कमिट समोर येतो, आणि ग्राफमध्ये त्याच्यापासून पुढे चालत गेले की तो कोणत्या मर्जमध्ये विरला हे दिसते.

आता साधनाविषयी. माझ्या मते पहिली कसोटी ही, की गिटचे हे पर्याय त्या साधनाला थेट देता येतात का. अनेक देखण्या साधनांत ‘फाइलचा इतिहास’ असे बटण असते, पण ते दाबल्यावर आत कोणता प्रश्न विचारला जातो हे आपल्याला कळत नाही आणि तो बदलण्याची सोयही नसते किंवा तुटपुंजी असते. या कसोटीला ‘गिटके’ पूर्ण उतरते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिले आणि त्याच वर्षी पॉल मॅकेरस यांचे गिटके त्याच्या सोबतीला आले. टीसीएल-टीके या जुन्या साधनसंचात ते लिहिलेले असल्यामुळे त्याचे रूप आजच्या नजरेला जुनाट वाटते, हे मान्य आहे. परंतु ‘गिट लॉग’चे जवळजवळ सर्व पर्याय ते जसेच्या तसे स्वीकारते, वर ग्राफ, खालच्या भागात बदल आणि बाजूला फाइलींची यादी असे सगळे एकाच खिडकीत मांडते, आणि त्याला काहीही किंमत पडत नाही. गिट फॉर विंडोजबरोबर ते आपोआप येते; लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ते वेगळे पॅकेज म्हणून बसवावे लागते. आपल्या लिनक्सवरील दोघांना टर्मिनल सोडायचे नसेल, तर त्यांनी योनास फोन्सेका यांचे ‘टिग’ पाहावे. त्यालाही हेच पर्याय चालतात आणि दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करताना त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही मला ठाऊक नाही.

बाकीच्यांचा विचार थोडक्यात उरकता येतो. सोर्सट्री आणि फोर्क ही दोन्ही विंडोज व मॅकवर चालतात, लिनक्सवर नाहीत. त्यामुळे ‘सर्वांसाठी एक’ या आपल्या अटीत ती बसत नाहीत. गिटक्रॅकन आणि सब्लाइम मर्ज तिन्ही प्रणालींवर चालतात. गिटक्रॅकनसाठी खासगी रिपॉझिटरी असल्यास पैसे भरावे लागतात, आणि आपली रिपॉझिटरी खासगीच असणार. व्हीएस कोड हा कोड-संपादक वापरणाऱ्यांना ‘गिट ग्राफ’ हे एक्स्टेन्शन रोजच्या नजर टाकण्याला पुरेसे आहे. पैसेच खर्च करायचे ठरले तर मी सब्लाइम मर्जकडे झुकेन, कारण त्याचा वेग आणि शोधाची सोय या दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण तूर्त तरी मालकांकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. प्रत्येक संगणकावर गिटके असावे, अडचणीच्या वेळी सर्वांनी त्यातच पाहावे, आणि रोजच्या कामाला ज्याने त्याने आपापले आवडते साधन ठेवावे. सक्ती केल्याने पाहण्याची सवय लागत नाही.

कोणतेही नवे साधन पारखायचे असेल तर जाहिरातीतील चित्रे पाहू नयेत. ज्या दोन-तीन घटनांचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, त्या आपल्याच रिपॉझिटरीत त्या साधनाला विचाराव्यात आणि ते उत्तरापर्यंत पोहोचते का ते पाहावे. मात्र आपण मर्ज करताना ब्रँचमधील सगळे कमिट एकात दाबून टाकत असाल, तर मधले टप्पे मुख्य इतिहासात उरतच नाहीत आणि जगातले कोणतेही साधन ते तेथे परत आणून दाखवत नाही. हीच गोष्ट ‘फिक्स’, ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशा कमिट-संदेशांची. ग्राफ गिटकेत पाहिला काय आणि महागड्या साधनात पाहिला काय, ‘फायनल’ म्हणजे नेमके काय केले हे लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या महिन्यात सांगता येत नाही.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असून आमचा चौघांचा प्रकल्प गिटवर आहे. ‘गिट ब्लेम’ (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे सांगणारी कमांड) केल्यावर निम्म्याहून अधिक ओळींपुढे माझेच नाव येते, कारण सुरुवातीला मी सर्व फाइलींवर फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारे साधन) चालवला होता. ती ओळ मुळात कोणी लिहिली हे दाखवणारे साधन आहे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : वेगळ्या साधनाची गरज नाही. गिटच्या २.२३ या २०१९ मधील आवृत्तीपासून ‘गिट ब्लेम’ला काही कमिट वगळायला सांगता येते. आपल्या त्या फॉरमॅटरच्या कमिटचा पूर्ण, म्हणजे ४० अक्षरांचा क्रमांक एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावा आणि ‘--इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ या पर्यायाने ती फाइल दाखवून द्यावी. दर वेळी टंकायचे नसेल तर ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ या नावाने गिटच्या सेटिंगमध्ये तिची कायमची नोंद करता येते. फाइलला ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ असे नाव देऊन ती रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवली, तर गिटहबच्या संकेतस्थळावरील ब्लेमही तिचा मान राखते. केवळ मोकळ्या जागांचे बदल दुर्लक्षित करायचे असतील तर लहान ‘डब्ल्यू’ आणि दुसऱ्या फाइलमधून उचलून आणलेल्या ओळींचा माग काढायचा असेल तर मोठा ‘सी’ हे पर्याय आहेत.

आपल्याला ओळीच्या आजच्या मालकापेक्षा तिचा सगळा प्रवास पाहायचा असेल, तर ‘गिट लॉग’चा मोठा ‘एल’ अधिक उपयोगाचा आहे. त्याला ओळींची मर्यादा किंवा फंक्शनचे नाव आणि फाइलचे नाव दिले, की तेवढ्याच तुकड्याचे सर्व बदल तो एकाखाली एक मांडतो. परीक्षकांसमोर प्रकल्प मांडताना हे पान उघडून ठेवावे, असे मी आवर्जून सुचवेन.

प्रश्न : मंगळवार पेठेत आमचे मुद्रणपूर्व मजकूर तयार करण्याचे काम चालते. लेखांच्या मराठी फाइली आम्ही गिटमध्ये ठेवतो. इतिहास पाहताना फाइलींची मराठी नावे आकड्यांच्या रांगा होऊन दिसतात, आणि परिच्छेदात एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. शिवाय काही शब्द फाइलमध्ये डोळ्यांना दिसत असूनही शोधात सापडत नाहीत. मराठीसाठी योग्य असे साधन कोणते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिन्ही अडचणींचे मूळ वेगवेगळे आहे. पहिली सेटिंगची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते, आणि इंग्रजीबाहेरचे बाइट गिट सावधगिरी म्हणून आकड्यांत छापते. ‘म’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४ आणि २५६ असे तीन आकडे उलट्या तिरक्या रेघांसह येतात ते त्यामुळेच. ‘कोर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केले की नावे मराठीत दिसू लागतात.

दुसरी अडचण गिटच्या मोजमापाची आहे. ते ओळीने तुलना करते आणि आपला परिच्छेद ही त्याच्या लेखी एकच लांब ओळ असते. ‘गिट लॉग’ला लहान ‘पी’सोबत ‘--वर्ड-डिफ’ द्यावा. शब्द मोकळ्या जागेवरून ओळखले जात असल्यामुळे मराठीत तो नीट चालतो. त्याहून बारीक, अक्षरागणिक तुलना करण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण तेथे काना-मात्रा आणि जोडाक्षरे फोडली जातात आणि जे दिसते ते वाचण्याजोगे राहत नाही.

तिसरी अडचण खास मराठी आहे आणि साधन बदलून ती सुटणार नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकला जातो: कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरते, कोणी साध्या ‘र’ला खाली नुक्ता देते, तर कोणी ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालते. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, पण गिटचा शोध बाइट जुळवतो, त्यामुळे एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. सर्व टंकलेखकांची एकच पद्धत ठरवावी आणि जुन्या फाइलींत ती एकदाच, एका स्वतंत्र कमिटमध्ये लागू करावी. त्या कमिटचा क्रमांक वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे वगळण्याच्या यादीत टाकला, की लेखनाचा खरा इतिहास त्याच्याखाली झाकला जाणार नाही. ग्राफिक साधनांपैकी निवड करताना ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्तृत्व’ असे जोडाक्षरांचे शब्द असलेला कमिट उघडून पाहावा. ते जेथे तुटक दिसतील ते साधन आपल्या कामाचे नाही. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे अनेकदा तुटतात, तेव्हा तेथे फार आशा धरू नये.

प्रश्न : कागलच्या आमच्या कारखान्यात जुना कोड अजून सबव्हर्जनवर (गिटच्या आधीपासूनच्या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) आहे. इतिहास पाहण्यासाठी सगळे गिटवर न्यावे का? (एक वाचक, कागल)

उत्तर : केवळ पाहण्यासाठी नेऊ नये. विंडोजवर टॉर्टॉइज एसव्हीएन या सबव्हर्जनच्या साधनाची लॉग-खिडकी या कामाला पुरेशी आहे, आणि एकदा पाहिलेल्या नोंदी ती आपल्या संगणकावर साठवून ठेवते. नेट वारंवार जात असेल किंवा मोठ्या ‘एस’सारखे शोध हवे असतील, तर ‘गिट एसव्हीएन क्लोन’ने एका संगणकावर फक्त वाचण्यापुरती प्रत उतरवून घ्यावी. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो, म्हणून ते काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करून ठेवावे, आणि मूळ सर्व्हरला हात लावू नये.